बिनशब्दांच्या औषध-पत्रकातलं चित्र लोक उलटंच वाचतात. चित्र बदलू की पद्धत?

पेन्सिलटोक

मी व्यवसायाने चित्रकार आहे. शाळेची पुस्तकं, माहितीपत्रकं, यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिका अशी कामं करतो. सध्या एका रुग्णालयासाठी पत्रक करतोय. रुग्ण जे पातळ औषध घरी नेतो, त्याच्यासोबत ते द्यायचं आहे. अट अशी की पत्रकावर एकही शब्द नको. रुग्ण अनेक भाषा बोलणारे आहेत, काहींना वाचता येत नाही, आणि प्रत्येक भाषेत वेगळं छापणं त्यांना जमणार नाही. अट मला मनापासून पटली होती. चित्र सगळ्यांना कळतं, हे गृहीत धरूनच आम्ही चित्रकार जगतो.

पाच कप्पे केले आहेत. पहिल्यात बाटली हलवणारा हात. दुसऱ्यात मापाच्या चमच्यात रेघेपर्यंत ओतलेलं औषध, शेजारी एका गोलात तोच चमचा मोठा करून दाखवलाय. तिसऱ्यात औषध पिणारा माणूस. चौथ्यात सूर्य आणि चंद्र, म्हणजे सकाळी एकदा, रात्री एकदा. पाचव्यात गरोदर बाई, तिच्याभोवती लाल वर्तुळ आणि तिरपी रेघ. गरोदर असाल तर हे औषध घेऊ नका, असं सांगायचं आहे.

छापायच्या आधी प्रतीक्षाकक्षात बसलेल्या काही जणांना दाखवलं. पाचव्या कप्प्याकडे बघून एक बाई म्हणाल्या, "हे घेतलं की दिवस राहत नाहीत." त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी बरोबर उलट, म्हणजे मला हवा तो अर्थ सांगितला. दोघांनाही आपल्या उत्तराबद्दल जराही शंका नव्हती. सूर्य-चंद्राचा अर्थ एकाने "दिवसभर आणि रात्रभर घेत राहायचं" असा लावला, दुसऱ्याने "उन्हात ठेवू नका" असा. बाटलीभोवतीच्या हालचालीच्या रेघा बघून एकाला बाटली तापलेली वाटली. एक आजोबा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपीत शिकलेले होते. त्यांनी कप्पेही त्याच क्रमाने वाचले, म्हणजे आधी प्यायचं आणि शेवटी बाटली हलवायची.

कामाची देखरेख करणाऱ्यांचं म्हणणं, "तिरपी रेघ जाड करा, रंग भडक करा, कळेल." मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाही. हा दोष माझ्या चित्राचा आहे, की चित्राने सांगता येण्याजोगी ही गोष्टच नाही? आणि चाचणी घ्यायचीच तर ती नीट कशी घेतात? या क्षेत्रात काम केलेलं कोणी असेल तर कृपया लिहा. घाई आहे, पण चुकीचं छापण्याइतकी नाही.

निरखणारी

रेघ जाड करू नका. जाड केलीत तर खालची बाई झाकली जाईल, आणि ज्यांना उलटा अर्थ लागतोय त्यांना तो आणखी ठाम लागेल. "दिवस राहत नाहीत" म्हणणाऱ्या बाईंनी रेघ पाहिली नाही असं झालेलं नाही. रेघ त्यांनी व्यवस्थित पाहिली, 'नको' हेही ओळखलं. नको काय, एवढंच चित्राने सांगितलं नव्हतं.

मी यंत्रांवरच्या आणि रसायनांच्या डब्यांवरच्या धोक्याच्या खुणा लोकांकडून वाचून घेण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या पाचव्या कप्प्याला भयंकर इतिहास आहे. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं. गरोदरपणातल्या मळमळीवर ते सर्रास दिलं गेलं आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात १०,००० हून अधिक मुलं हातापायांत गंभीर व्यंग घेऊन जन्मली होती. पुढे कुष्ठरोगातल्या एका वेदनादायक प्रतिक्रियेवर तेच औषध गुणकारी ठरलं आणि ब्राझीलमध्ये वापरात राहिलं. या खेपेला वेष्टनावर इशारा होता, गरोदर बाईची आकृती आणि तिच्यावर आडवी गेलेली रेघ. काही बायकांनी त्याचा अर्थ गर्भ राहू न देणारं औषध असा घेतला, काहींनी गर्भपाताचं औषध असा. ज्यांना या गोळीपासून सर्वांत लांब ठेवायचं होतं त्यांनाच ती खूण जवळ बोलावत होती. तिथे थॅलिडोमाइडमुळे व्यंग घेऊन मुलं पुन्हा जन्मली. कारणं अनेक होती, पण या खुणेचा वाटा त्यात नोंदला गेलेला आहे. तुमच्या प्रतीक्षाकक्षातल्या बाईंचं उत्तर ऐकून मला म्हणूनच धस्स झालं.

असं का होतं? औषधाच्या बाटलीवर एरवी जे चित्र असतं ते औषधाचा उपयोग सांगतं. डोकं धरलेला माणूस म्हणजे डोकेदुखीचं औषध. खोकणारा माणूस म्हणजे खोकल्याचं. या सवयीने वाचलं तर बाई, पोट आणि 'नको' याचा अर्थ 'पोट नको असेल तर' हाच लागतो. त्या बाईंचं वाचन तर्काला धरून होतं. 'गरोदर असाल तर' यातली अट आणि 'गरोदर राहू नये म्हणून' यातला हेतू, हे दोन्ही डोळ्यांना दिसणारे पदार्थ नाहीत. चित्रात बाई दिसते, बाटली दिसते. त्यांच्यामधला 'जर' दिसत नाही.

वर्तुळ आणि रेघ यांचंही सगळीकडे एकमत नाही. ब्रिटनमध्ये रस्त्यावर लाल वर्तुळात सायकल काढलेली पाटी असते, रेघ नसते. तिचा अर्थ सायकलला मनाई. पण तिथेच वळायला मनाई करणाऱ्या पाटीवर मात्र तिरपी रेघ असते. मग रेघ नसलेली सायकल पाहून इथून सायकली जातात असं कोणी समजलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

रंगाबद्दलही लिहायलाच हवं, कारण भडक रंगाने कळेल असं तुम्हाला सांगितलं गेलंय. इराकमध्ये १९७१ च्या अखेरीस शेतकऱ्यांना पेरणीसाठी गहू आणि बार्ली वाटली गेली. बुरशी लागू नये म्हणून बियाण्याला मिथाइल पाऱ्याचं संयुग चोळलेलं होतं आणि ते खायचं नाही हे कळावं म्हणून लाल रंग दिलेला होता. पोत्यांवरच्या सूचना स्पॅनिश आणि इंग्रजीत होत्या, काही पोत्यांवर कवटी आणि हाडांचं चित्र होतं. त्या चित्राला तिथल्या शेतकऱ्यांच्या लेखी काही अर्थ नव्हता. लोकांनी दाणे धुतले. लाल रंग निघून गेला, आणि रंग गेला म्हणजे विष गेलं असं त्यांना वाटलं. काहींनी आधी जनावरांना घालून पाहिलं. जनावरांना लगेच काही झालं नाही, कारण या विषाची लक्षणं उशिरा दिसतात. मग दळून भाकऱ्या केल्या. ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांतले ४५९ दगावले. हे फक्त रुग्णालयांच्या नोंदीतले आकडे आहेत. लाल रंग 'हे विषारी आहे' असं सांगण्यासाठी दिला होता. लोकांनी 'हा रंगच विषारी आहे' असं वाचलं. त्या लोकांना मी कधीच अडाणी म्हणणार नाही. धुणं, जनावरांवर पाहणं, हे विचारी माणसाचंच वागणं आहे.

आता चाचणीबद्दल. लोकांना "हे कळलं का?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. "हे कसलं चित्र आहे?" हेही पुरेसं नाही, कारण "गरोदर बाई" हे उत्तर बरोबर येईल आणि तुम्ही खूश व्हाल. बाटली आणि पत्रक हातात देऊन विचारा, "हे तुम्हाला घरी दिलं तर तुम्ही काय कराल? कोणाला द्याल, कोणाला देणार नाही?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मध्ये बोलू नका, मान हलवू नका, चुकीच्या उत्तरावर चेहरा बदलू देऊ नका. आणि रुग्णालयातले कर्मचारी निवडू नका, त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

मोजताना दोन रकाने वेगळे ठेवा. 'कळलं नाही' आणि 'उलटं कळलं' हे एकाच खात्यात कधीही टाकायचं नाही. अमेरिकेच्या सुरक्षाचिन्हांच्या मानकात, एएनएसआय झेड५३५.३ मध्ये, खूण शब्दांशिवाय वापरायची तर किमान ८५ टक्के लोकांनी अर्थ बरोबर सांगावा लागतो, आणि घातक उलटा अर्थ सांगणारे ५ टक्क्यांहून जास्त असून चालत नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १९८४ च्या मानकात बरोबर उत्तरांची अट ६७ टक्के होती. मला स्वतःला त्या ५ टक्क्यांचं महत्त्व ८५ पेक्षा फार मोठं वाटतं. ज्याला काहीच कळलं नाही तो निदान विचारायला येतो. ज्याला उलटं कळलंय त्याला विचारायचं कारणच उरत नाही.

औषधपेटी

मी औषधनिर्माता आहे, रुग्णांना औषध हातात देण्याचं काम रोजचं. निरखणारी यांनी लिहिलेल्या शेवटच्या दोन ओळी मला काउंटरवर रोज दिसतात.

चौथ्या कप्प्याबद्दल माझा अनुभव सांगते. सूर्य आणि चंद्र नुसते काढले की ते वेळ सांगतात, पण किती घ्यायचं ते सांगत नाहीत. त्यामुळे लोक ते सोयीप्रमाणे कशालाही जोडतात, साठवण्याला, बाटली झाकण्याला, किंवा 'दोन दिवस' या मुदतीला. सूर्याखाली भरलेला एक चमचा आणि चंद्राखाली भरलेला एक चमचा असे जोडून काढलेत तर बरंच सुधारतं. घड्याळाचा काटा दाखवायचा मोह होईल, तो टाळा. ज्यांच्यासाठी शब्द काढून टाकले त्यांच्यातल्या कित्येकांना काट्यांचं घड्याळही वाचता येत नाही.

दुसऱ्या कप्प्यातला तो गोलातला मोठा चमचा काढून टाका अशी माझी विनंती आहे. जवळून दाखवलेली वस्तू ही तीच वस्तू असते, हे चित्रं बघून सरावलेल्यांनाच ठाऊक असतं. बाकीच्यांना दोन चमचे दिसतात, एक लहान आणि एक मोठा. त्यातून दुप्पट मात्रा घेतली जाऊ शकते.

तसाच मनगटापाशी तोडलेला हात. पूर्ण माणूस काढा. चेहऱ्यासकट, अंगासकट. बाटली हलवतोय हे खांदा आणि कोपर दिसल्यावर जास्त कळतं, मग त्या वळणदार रेघांची गरजही कमी होते. त्या रेघा म्हणजे चित्रकथांमधून शिकलेली लिपी आहे.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पत्रक एकटं घरी पाठवायचंच कशाला? चित्र आधी सांगितलेलं आठवायला फार उपयोगी पडतं, पण पहिल्यांदा सांगायला ते अपुरं आहे. मी पत्रकावर बोट ठेवत एकेक कप्पा सांगते, आणि मग म्हणते, "आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर कसं घ्याल." जे चुकतं ते तिथेच कळतं. यात वेळ जातो हे खरं. पण हा वेळ मला औषध मोजण्याइतकाच कामाचा वाटतो.

सरळमार्ग

थोडा विरोधी सूर लावतो. प्रत्येक खूण शिकावीच लागते. रस्त्यावरचा लाल अष्टकोन बघून थांबायचं हे कोणी जन्मतः शिकून येत नाही. एक खूण ठरवा, सगळीकडे तीच वापरा, लोक दहा-वीस वर्षांत शिकतात. धावणारा हिरवा माणूस म्हणजे बाहेर पडायचा रस्ता, हे आज किती देशांत कळतं! जपानी रचनाकार युकिओ ओटा यांच्या आराखड्यावरून ती खूण आली आणि १९८० च्या दशकात आयएसओने ती स्वीकारली. सुरुवातीला तिच्यावरही वाद झाले होते. प्रत्येक नवीन चित्रकाराने प्रतीक्षाकक्षात जाऊन नवीन चित्र शोधलं तर प्रमाण खूण कधी तयारच होणार नाही. मला वाटतं पेन्सिलटोक यांनी आधीपासून असलेली प्रमाण चिन्हं घ्यावीत आणि पुढे जावं.

निरखणारी

सरळमार्ग, प्रमाण खुणांच्या मी विरोधात नाही, माझं अर्धं आयुष्य त्यांच्यातच गेलं. पण खूण शिकायची तर ती वारंवार भेटावी लागते आणि चुकलं की कोणीतरी लगेच दुरुस्त करावं लागतं. रस्त्यावर हे होतं. वाहन चालवायचा परवाना घेताना परीक्षा असते, मागचा हॉर्न वाजवतो, पोलीस अडवतो. गरोदरपणाचा इशारा असलेली बाटली मात्र एखाद्या बाईच्या हातात आयुष्यात एकदा येईल. तिच्यासाठी ती पहिलीच भेट आहे, आणि तेव्हा दुरुस्त करणारा कोणी शेजारी नसतो.

शिकलेल्या खुणेचं सर्वांत चांगलं उदाहरण किरणोत्सर्गाचं आहे. मध्यभागी ठिपका आणि भोवती तीन पाती, ही खूण १९४६ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत तयार झाली. प्रयोगशाळेतल्या माणसाला ती पक्की ठाऊक. बाहेरच्याला त्यात पंखा दिसतो. थायलंडमध्ये २००० साली बँकॉकजवळच्या समुत प्राकान इथे जुन्या उपचारयंत्राचा कोबाल्ट-६० असलेला भाग भंगारात गेला. त्यावर तीन पात्यांची खूण होती. गोळा करणाऱ्यांना आणि तो फोडणाऱ्यांना ती काहीच सांगू शकली नाही. तिघांचा मृत्यू झाला. खूण प्रमाण होती, जगभर मान्य होती, अर्ध्या शतकाहून जुनी होती. ती शिकण्याची संधी फक्त त्या लोकांना कधी मिळाली नव्हती.

यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि आयएसओ यांनी जे केलं ते पेन्सिलटोक यांनी जरूर पाहावं, कारण ते तुमच्याच प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांनी अकरा देशांत निरनिराळ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या लोकांना चित्रं दाखवून तपासणी करवली आणि २००७ मध्ये जोडीची नवी खूण जाहीर केली. लाल त्रिकोणात वर तीच तीन पाती, त्यांच्यातून खाली येणारे किरण, एका बाजूला कवटी आणि हाडं, दुसऱ्या बाजूला बाणाच्या दिशेने पळणारा माणूस. यात मनाईची रेघ कुठेही नाही. 'हात लावू नका' असं सांगण्याऐवजी यातून काहीतरी येतं, त्याने मरण येतं, पळा, असं ती सांगते. म्हणजे काय घडतं आणि काय करायचं हे दोन्ही आलं. शिवाय ही खूण यंत्राच्या दर्शनी भागावर लावत नाहीत. उगमाजवळ आत लावतात, म्हणजे कोणी झाकण खोलायला लागला तरच ती दिसते. खूण कुठे आणि कोणत्या क्षणी दिसणार याचा इतका विचार मी फार थोड्या ठिकाणी पाहिलाय.

कवटीवरही डोळे मिटून भरवसा ठेवू नये. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात १९७१ मध्ये विषाच्या बाटल्यांसाठी जीभ बाहेर काढलेला हिरवा चेहरा तयार केला गेला, कारण मुलांना कवटी म्हणजे समुद्री चाच्यांची गंमत वाटत होती. पुढे १९८० च्या दशकात तपासलं गेलं तेव्हा त्या चेहऱ्यामुळे लहान मुलं बाटलीपासून लांब राहतात असंही दिसलं नाही. मोठ्यांना मात्र तो ओळखता येत होता. ज्याच्यासाठी खूण आहे त्यालाच विचारा असं मी म्हणते, ते यासाठी.

फॉन्टवेडा

चर्चा औषधांची आहे तरी एक जोड देतो, कारण हाच गोंधळ आपण रोज फोनवर घालतो. नाकातून फुगा आलेला निळसर थेंबाचा पिवळा चेहरा कित्येक जण दुःखासाठी पाठवतात. युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकांवरच्या अक्षरांच्या आणि चिन्हांच्या प्रमाण यादीत, तो झोपाळू चेहरा आहे. जपानी चित्रकथांमध्ये झोपलेल्या माणसाच्या नाकाला असा फुगा दाखवतात. ज्यांनी त्या चित्रकथा पाहिल्या नाहीत त्यांना अश्रू दिसतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अगदी तेच, एकाच कंपनीचं चित्र समोर ठेवलं तरी सुमारे २५ टक्के वेळा ते आनंदी, तटस्थ की नकारात्मक यावरही दोघांचं एकमत होत नाही.

आणि कॅनडात २०२३ मध्ये न्यायालयाने एका शेतकऱ्याने फोनवर पाठवलेला उंचावलेला अंगठा ही कराराला दिलेली संमती मानली. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की अंगठ्याचा अर्थ 'करार मिळाला' एवढाच होता. त्याला सुमारे ८२,००० कॅनेडियन डॉलर भरपाईचा आदेश झाला. पोच आणि होकार यांच्यातला फरक त्या अंगठ्यात नव्हताच.

पेन्सिलटोक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस यावर काम केलं, आता कुठे पोचलोय ते लिहितो.

मोठा चमचा काढला. पूर्ण माणूस काढला. सूर्य आणि चंद्र यांच्याखाली प्रत्येकी एक भरलेला चमचा आला. कप्प्यांना आकडे दिले, आणि रांग आडवी न ठेवता वरून खाली केली, म्हणजे डावीकडून-उजवीकडून हा प्रश्नच उरत नाही. "घरी गेल्यावर काय कराल?" असं विचारून पुन्हा उत्तरं घेतली, पहिल्या चार कप्प्यांना ती खूप सुधारली. बाणही एकाच कामापुरता ठेवला. आधी मी तो 'इकडे बघा', 'हलवा' आणि 'पुढची पायरी' या तिन्हींसाठी वापरत होतो.

पाचवा कप्पा मात्र सुटत नाहीये. रेघ काढून टाकली आणि निरखणारी म्हणतात तसं कृती दाखवायचा प्रयत्न केला. गरोदर बाई बाटली घेऊन डॉक्टरांसमोर बसली आहे, म्हणजे 'गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.' यावर उत्तर आलं, "गरोदर बायकांना डॉक्टर हे औषध देतात." मग किरणोत्सर्गाच्या खुणेसारखा परिणाम दाखवायचं ठरवलं. बाई औषध पितेय, पुढच्या चौकटीत पोटातलं बाळ आणि त्यावर धोक्याचा त्रिकोण. एका मुलीने सांगितलं, "बाळाला धोका असेल तर हे औषध घ्यायचं." ती जे म्हणतेय ते चित्रात खरंच आहे, मला नाकारता येत नाही. आजार आणि औषध यांचा क्रम तिने उलटा लावला, इतकंच. आता पुढे काय?

निरखणारी

त्या मुलीचं उत्तर शब्दशः लिहून देखरेख करणाऱ्यांकडे पाठवा. तुमच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा ते जास्त काम करेल.

औषध आणि आजार शेजारी आले की औषध त्या आजारावरचंच आहे असं वाचलं जाणार. त्या कागदाची जातच तशी आहे. किरणोत्सर्गाच्या खुणेला ही अडचण नव्हती, कारण भंगारातल्या धातूकडून बरं होण्याची अपेक्षा कोणी करत नाही. म्हणून तिथे परिणाम दाखवून भागलं आणि तुमच्याकडे भागत नाही.

१९७२ साली पायोनियर १० या यानावर परग्रहावरच्या कोणासाठी तरी एक चित्रफलक पाठवला होता. त्यात यानाचा मार्ग दाखवायला बाण होता. कला-इतिहासकार एर्न्स्ट गोम्ब्रिच यांनी त्याच वर्षी लिहिलं होतं की धनुष्यबाण ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांना बाणाचं टोक दिशा कशी सांगेल? काढणाऱ्यांना ते सुचलं नव्हतं, कारण बाण त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की तो शिकलेला आहे हेच विसरलं गेलं होतं. पाचव्या कप्प्यात आपण सगळे तेच करतोय. उत्तर आपल्याला माहीत आहे, म्हणून प्रत्येक नवं चित्र आपल्याला बोलकं वाटतं.

माझं स्पष्ट मत, पाचवा कप्पा चित्रातून काढून टाका. अजून चांगलं चित्र शोधण्यात वेळ घालवू नका. त्या जागी रिकामी चौकट ठेवा आणि रुग्णालयाला सांगा की औषध देणाऱ्याने रुग्णाच्या भाषेतला एका वाक्याचा शिक्का तिथे मारायचा, ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवायचं आणि औषधपेटी यांनी सांगितलं तसं रुग्णाकडून परत वदवून घ्यायचं. जितक्या भाषा तितके शिक्के, पत्रक एकच. छपाईचा खर्च वाढत नाही, त्यामुळे नकाराला फारसं कारण राहत नाही. वाचता न येणाऱ्याला शिक्का कळणार नाही हे मान्य. पण न कळलेला शिक्का तो कोणाला तरी वाचायला देईल. रेघ मारलेली बाई तो कोणालाच दाखवणार नाही.

ही चौकट रिकामी असताना औषध बाहेर जाऊ नये, असा नियम मात्र त्यांच्याकडून लेखी घ्या, नाहीतर घाईच्या दिवशी ती तशीच राहील.

आणि एक गोष्ट राहून गेली. छापून झाल्यावर ते पत्रक फोटोकॉपी करून वाटलं जाणार आहे का, ते विचारा. तसं असेल तर लाल-हिरव्यावर काहीही अवलंबून ठेवू नका, सगळं काळं-करडं होईल. चार कप्पे काळ्यापांढऱ्यात काढून पुन्हा एकदा लोकांना दाखवा, विशेषतः चमच्यातली औषधाची रेघ. करड्यात ती चमच्याच्या कडेत मिसळून जाते.

पेन्सिलटोक

फोटोकॉपीच होणार आहे, आत्ताच फोन करून विचारलं. चमच्याची कड पातळ करून औषध गडद भरतो आणि उद्या पुन्हा प्रतीक्षाकक्षात जातो. शिक्क्यांना त्यांनी हो म्हटलंय, लेखी नियमाचं उत्तर अजून आलेलं नाही.